चावी मुंबईला

आमच्या खालच्या वाडीतल्या जनीवयनीबद्दल लिहायचं तर आधी माझं डोकं शांत व्हायला हवं, आणि ते होत नाही. तीन वर्षं झाली. तरी लिहितो. मी हरिश्चंद्र, या गावचा टपालवाला. खेडहून एसटीने येणारी थैली उतरवून घ्यायची आणि चार वाड्यांत पायी वाटायची, हे माझं काम. खालच्या वाडीत माझा शेवटचा चहा जनीवयनीकडे असायचा.

ती मंडणगडकडची, डोंगरातली. पंधराव्या वर्षी लग्न होऊन इथं आली आणि सव्वा महिन्यात नवरा सदू मुंबईला परत गेला. अजून तिकडेच असतो, काळाचौकीला एका गोदामात. शिमग्याला येतो, गणपतीला येतो. वाडीतल्या सत्तावीस घरांपैकी बावीस घरांची हीच गत, म्हणजे पावसाळ्यात वाडी बायकांची, म्हाताऱ्यांची आणि पोरांची. आणि वाडी वसलीय कुठं, तर एका अंगाला जगबुडी नदी आणि दुसऱ्या अंगाला पऱ्या, म्हणजे डोंगरातून उतरणारा ओढा. नदीला भरतीचं पाणी चढलं की पऱ्या तुंबतो आणि वाडीत शिरतो. सुटायची वाट एकच, पऱ्यावरचा लाकडी साकव. पलीकडे चढावर शाळा.

लावणीच्या दिवसांत आमच्याकडे घरं जोडीने शेतात उतरतात. आज तुमच्यात, उद्या आमच्यात, माणसाला माणूस फेडायचा. जनीवयनीने तीच जोडी पुराला लावली. जे घर तुमच्या लावणीला येतं, त्याने तुमची म्हातारी उचलायची आणि तुम्ही त्यांची पोरं. जनीने थाळी बडवली की कुणी कुणाला काही विचारायचं नाही, आपापल्या जोडीदाराच्या दारात जायचं आणि तिथून साकवावर. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. बारा पावसाळे असेच गेले आणि वाडीतली कोंबडीदेखील वाहून गेली नाही.

जनीची जोडी सोनूबाईशी. सोनूबाई एकटी, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. कुंपणातल्या शेवग्याच्या शेंगांवरून दोघी दिवसभर भांडायच्या आणि संध्याकाळी एकाच चुलीपुढे जेवायला बसायच्या. मी एकदा विचारलं, एवढं भांडता तर जोडी बदला की. तेव्हा सोनूबाई म्हणाली होती, दुसरी कोण मला पाठीवर घेईल?

जनीला एकच गोष्ट हवी होती. साकवाशेजारी बांधायचा काथ्याचा दोर कुजला होता, त्याच्या जागी एक चांगला दोर. साकव गेला तरी दोर धरून माणूस पार होतो. तालुक्याला दोनदा अर्ज केला, दोन्ही मीच लिहिले. उत्तर आलं नाही.

मग पंच्याऐंशी साली संस्था आल्या. एक मुंबईची, एक पुण्याची, महिन्याच्या अंतराने. दोघींचं म्हणणं एकच, गावाने आपल्या पायावर उभं राहून संकटाला तोंड द्यायला शिकलं पाहिजे. अहो, बारा वर्षं वाडी दुसरं काय करत होती? मुंबईच्या संस्थेने दारादारावर लाल रंगात नंबर टाकले आणि सांगितलं, देवळाची घंटा वाजली की सहाणेवर जमायचं. सहाण म्हणजे शिमग्यात पालखी बसते तो देवळापुढचा चौथरा. पुण्याच्या संस्थेने निळे नंबर टाकले, हाताने फिरवायचा भोंगा दिला आणि सांगितलं, भोंगा वाजला की शाळेत जमायचं. सहाण पऱ्याच्या अलीकडे, शाळा पलीकडे. एका संस्थेला दुसरी काय करते याचा पत्ता नाही आणि विचारण्यात कमीपणा. सोनूबाईच्या दारावर लाल सात आणि निळा एकोणीस. म्हातारी म्हणाली, मी काय एसटी हाय?

पुण्याच्या संस्थेच्या दमयंतीबाई दोन तास जनीच्या पडवीत बसल्या होत्या. लावणीच्या जोड्या त्यांनी वहीत उतरवून घेतल्या, फारच छान म्हणाल्या, फोटोही काढला. पुढे त्यांच्या छापील पुस्तकात तो फोटो आला. जोड्या आल्या नाहीत.

दोन्ही संस्थांना समिती हवी होती. आता आमच्याकडे पालखी उठवायची तरी मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाचं पत्र लागतं, तर समिती त्यांच्याशिवाय कशी होणार? मंडळाचे प्रमुख काशीराम, सदूचे चुलतभाऊ, परळला राहतात. त्यांनी अकरा नावं पाठवली. अकराही पुरुष, अकराही मुंबईत. अध्यक्ष स्वतः काशीराम. फॉर्मावर ‘राहणार’ या शब्दापुढे अकराही जणांनी गावाचं नाव लिहिलं. दोन्ही समित्यांत तेच अकरा, आणि सगळ्या सह्या पंधरा दिवसांत आल्या म्हणून दोन्ही संस्था खूश. मला ठाऊक आहे, कारण त्या सह्या माझ्याच थैलीतून आल्या. पूर आला तर परळहून कोण पोहत येणार, हे विचारायची अक्कल एकालाही झाली नाही. मलाही नाही.

शहाऐंशीच्या मे महिन्यात मुंबईच्या संस्थेने दोर दिला. नायलॉनचा, पांढरा, शंभर फुटी. जनीवयनीने हात फिरवून बघितला आणि पोरीसारखी हसली. मग संस्थेच्या साहेबांनी तो तिच्या हातातून घेतला, लोखंडी पेटीत ठेवला, पेटी सहाणेवर सिमेंटात बसवली आणि कुलूप घालून चावी खिशात टाकली. साहित्य अध्यक्षांच्या ताब्यात राहील, चावी त्यांना पोस्टाने येईल, असं म्हणाले. जनी म्हणाली, ती वाडीत ठेवा. साहेब म्हणाले, तसा नियम नाही.

जूनच्या आठ तारखेला रजिस्टर आलं. कापडात शिवलेलं छोटं पुडकं, वर लाख. अध्यक्षांच्या नावाने, आमच्या गावच्या पत्त्यावर. हातात घेतलं आणि कापडातून मला चावी लागली. दांडी, दाते, सगळं बोटांना कळलं. पण काशीरामनी पोस्टात लेखी देऊन ठेवलं होतं की माझं टपाल परळला पाठवा. मी गावचा पत्ता खोडला, परळचा लिहिला, आणि पुडकं खेडच्या थैलीत टाकलं. नियमाने बघाल तर माझी काडीची चूक नव्हती. त्याच दुपारी जनीवयनीने चहाचा कप पुढे केला आणि विचारलं, भावजी, चावी आली का? मी म्हटलं, वयनी, तुमच्या नावाचं काही नाही. तेही खरंच होतं. चहा पिऊन मी उठलो.

तिने काशीरामना माझ्याकडून दोन कार्डं लिहवून घेतली. उत्तर आलं, चावी सुरक्षित आहे, काळजी नसावी.

जुलैत तीन दिवस पाऊस हटला नाही. चौथ्या दिवशी सकाळी नवाच्या सुमारास मी थैली घेऊन शाळेच्या बाजूने पऱ्यावर आलो, तर पाणी साकवाच्या फळ्यांना लागलेलं. पलीकडे कुणी घंटा बडवत होतं आणि कुणी भोंगा फिरवत होतं. अर्धी वाडी सहाणेकडे पळाली, अर्धी साकवाकडे निघाली, जोडीदार जोडीदाराला सापडेना. जनी मधे उभी राहून थाळी वाजवत होती, पण त्या घंटेपुढे आणि भोंग्यापुढे थाळी कोण ऐकणार? सहाणेवर गेलेल्यांना हाका मारून परत आणीपर्यंत साकवाच्या फळ्या निघून गेल्या. बारा वर्षांत जे झालं नाही ते दोन संस्थांनी एका सकाळी करून दाखवलं.

जनी पेटीकडे धावली. कोयत्याने मारलं, दगडाने मारलं. आवाज मला इकडे शाळेच्या काठावर ऐकू येत होता. पेटी मजबूत होती हो, सरकारी तिजोरी झक मारेल अशी. पोचे पडले, कुलूप तुटलं नाही. शेवटी ती परत आली आणि तिने बायकांना लुगडी सोडून एकमेकींना गाठी मारायला सांगितलं. एक टोक वाडीकडच्या जांभळीला, दुसरं वाडीतल्या पोहणाऱ्या राहीने माझ्याकडे आणून दिलं. मी ते कमरेला गुंडाळून साकवाच्या शाळेकडच्या दगडी खांबाला पाय लावून बसलो. ते लुगड्यांचं दावं धरून सगळी वाडी पार झाली, तान्ही पोरं, म्हातारे, सगळे. शेवटी जनी निघाली, पाठीवर सोनूबाई.

मधोमध गाठ सुटली. जनी एका हाताने माझ्याकडच्या टोकाला लटकली आणि दुसऱ्या हाताने तिने सोनूबाईचं मनगट धरलं. किती वेळ धरलं मला सांगता येत नाही. मी ओढत होतो. जनी काठाला लागली तेव्हा तिच्या मुठीत सोनूबाईची काचेची बांगडी होती, तुटलेली, आणि तळहात रक्ताने भरलेला. म्हातारी दुसऱ्या दिवशी खाली खाडीच्या बांधाला मिळाली.

काशीराम बाराव्याला आले. चावी बरोबर घेऊन आले होते, खिशात, रुमालात बांधून. शोकसभेत ते बोलले आणि मग पेटीचे पोचे बघून विचारलं, हे कुणी केलं? आठ दिवसांनी संस्थेचं पत्र आलं, साहित्याच्या नुकसानीचा लेखी खुलासा करावा. तो खुलासा जनीवयनीच्या सांगण्यावरून मी लिहिला. ती एवढंच म्हणाली, लिवा, पेटी फुटली नाय म्हनून माफी असावी.

मग दोन्ही संस्थांना जाग आली. रत्नागिरीला बैठक ठरली, सर्वांनी मिळून एकच धोरण आखायचं. जनीला बोलावणं आलं म्हणून मी तिच्याबरोबर गेलो. पहाटेची एसटी, मग चार तास व्हरांड्यातल्या बाकावर. आत काशीराम अध्यक्ष म्हणून खुर्चीवर. जेवणानंतर जनीला पाच मिनिटं दिली. तिला दोन मिनिटंही लागली नाहीत.

“नंबर पुसा. लावनीच्या जोड्या हायत त्या र्‍हावंदेत. थाळी एकच वाजंल. आनि चावी वाडीत ठेवा.”

सगळे माना डोलावत होते. दमयंतीबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं, खोटं कशाला बोलू. पुढे ठराव टपालाने आला आणि मीच तो जनीला वाचून दाखवला. तिच्या चार वाक्यांचं त्यांनी काय केलं होतं? साहित्याची स्थानिक पातळीवर उपलब्धता सुनिश्चित करण्यात यावी. जनीने विचारलं, यात चावी कुठं हाय? मी कागद उलटून पाहिला.

एकच धोरण मात्र झालं खरं. लाल आणि निळे नंबर पुसून हिरवे टाकले. सोनूबाईच्या बंद दारावरही टाकला, अकरा. दोन समित्यांची एक झाली, अध्यक्ष काशीराम. पेटी दुरुस्त झाली, नवं कुलूप लागलं, आणि सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये, पहिल्या आठवड्यातच, माझ्या थैलीत कापडात शिवलेलं एक पुडकं आलं. अध्यक्षांच्या नावाने, गावच्या पत्त्यावर.

मी ते हातात घेऊन पोस्टाच्या पायरीवर बसलो. बऱ्याच वेळाने उठलो आणि खालच्या वाडीत गेलो. जनीवयनी अंगणात शेवग्याच्या शेंगा निवडत होती, त्याच झाडाच्या. मी पुडकं तिच्या हातात दिलं. तिने वरचं नाव मला वाचायला लावलं. मी वाचलं. मग ती कापडावरून बोटं फिरवायला लागली, सावकाश, दांडीवरून दात्यांवर. बोटं थांबली.

“मागची पन अशीच लागली व्हती हाताला?”

मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. मी हो म्हटलं.

तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती उठली, विळीवर शिवण कापली, चावी काढून घेतली आणि सहाणेकडे चालायला लागली. मी मागून गेलो. पेटी उघडून तिने दोर बाहेर काढला आणि एक टोक माझ्याकडे फेकलं. जांभळीपासून दगडी खांबापर्यंत आम्ही तो बांधला, तिने गाठ मारली, मी ओढून बघितली, तिने पुन्हा मारली.

निघताना मला आठवलं की रजिस्टरला पोचपावती जोडलेली आहे, ती सहीनिशी संस्थेला परत जायला हवी. तसं तिला सांगितलं. तिने अंगठा पुढे केला, तळहातावरचा बांगडीचा व्रण मला दिसला.

“लावा शाई,” ती म्हणाली. “चावी पोचली म्हनून कळवा त्यांना.”

अध्यक्षांच्या सहीच्या जागेवर मी तिचा अंगठा घेतला आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं, जनी सदू, राहणार खालची वाडी.