कुणापासून लांब?

बाईंसमोर ‘लांब’ हा शब्द नुसता उच्चारायची सोय नव्हती. कुणी म्हणालं, “बाई, गिरणी लांब पडते हो,” की लगेच प्रश्न यायचा, “कुणापासून?” कासारवाडीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचं नावच ‘कुणापासून बाई’ पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं.

डिप्लोमाचं गणित माझं दुसऱ्यांदा राहिलं तेव्हा पप्पांनी मला त्यांच्याकडे शिकवणीला धाडलं. “या वेळी निघालं तर ठीक, नाहीतर कॉलेज बंद,” एवढंच ते म्हणाले. माझं गाडं अडलं होतं केवल मूल्याच्या असमानतांपाशी. दोन उभ्या रेघांमध्ये ‘x वजा चार’ दिसलं की मी पान उलटायचे.

“रेघांना काय घाबरायचं? त्या फक्त विचारतात, x चारपासून किती लांब आहे. आणि अंतर कधी उणे नसतं,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी खिडकीतून रेल्वे स्टेशनकडे बोट केलं. “कासारवाडीपासून दोन स्टेशनांच्या आत कोण?” मी खडकीपासून चिंचवडपर्यंत सगळी नावं घेतली. “आणि दोनपेक्षा लांब?” मी आकुर्डी, देहूरोड करत थेट लोणावळा गाठलं. “शिवाजीनगरच्या लोकांनी काय घोडं मारलंय गं?” त्यांच्याकडे आलेलं प्रत्येक पोर इथंच पडायचं. ‘पेक्षा मोठं’ म्हटलं की उत्तर दोन्हीकडे असतं, आणि आम्ही एकच बाजू लिहून मोकळे.

पूर्वी त्यांच्या दारात चपला ठेवायला जागा नसे. मग मुलं मोबाइलवर शिकायला लागली आणि शेवटी मी एकटी उरले. बाईंचे यजमान, आमचे काका, जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. तरी बाई चार वाजता साडी बदलून, फळा पुसून तयार असत. मला उशीर झाला तर दारातच उभ्या दिसत, आणि विचारलं तर म्हणत, “हवा खातेय.” मी पास झाले की चारला या घरात कुणी येणार नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

परीक्षा जवळ आली तोवर मला ती गणितं झोपेतही यायला लागली होती. म्हणून मी मुद्दाम एक बाजू सोडू लागले. बाईंनी काही दिवस निमूट चूक दाखवली. मग एकदा वही मिटून म्हणाल्या, “खरी चूक करणारी पोरगी खाडाखोड करते. तुझी चूक फार नीटनेटकी आहे.” “पास हो आणि जा. माझ्या सोबतीसाठी नापास होतेस की काय?” असं म्हणून त्या चहा टाकायला उठल्या, आणि बराच वेळ आतून आल्या नाहीत.

मी पास झाले. पुढे चाकणच्या कंपनीत लागले, तिथंच खोली घेतली. निरोप घ्यायला गेले आणि नेमकं बोलून बसले, “आता लांब चाललेय, बाई.” वाटलं, प्रश्न येणार. तो आला नाही.

“हो गं,” त्या म्हणाल्या, “माझ्यापासून.”

बाई या उन्हाळ्यात गेल्या. फार आठवण येते. पप्पा फोनवर म्हणतात, “चाकण काय लांब आहे? सुट्टीला येत जा की.” मी हो म्हणते. कुणापासून, ते त्यांना विचारत नाही.