गाजरगवत, इंगळे आणि आमची कमिटी

सकाळचे साडेदहा. सौसरची तहसील कचेरी, मागच्या अंगाची खोली. जुलै महिना. गाजरगवताचा धोका किती, हे ठरवायला नेमलेल्या कमिटीची पहिली बैठक.

मी तेव्हा पांढुर्ण्याहून नागपूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. या गवतावर इतकं लिहिलं, की कंटाळून सरकारनं मलाच कमिटीत घेतलं! लिहिणाऱ्याचं तोंड बंद करायची ही सरकारी रीत. तोंड काही बंद झालं नाही, किस्से मात्र साचत गेले. गाजरगवतासारखेच. एक ओढावा, तर बुडाशी चार फुटलेले असतात.

आम्ही पाच जण. अध्यक्ष म्हणजे वरून आलेले एक हिंदीभाषी अधिकारी. त्यांना सगळे बडे साहेब म्हणत. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे चौरे सर. डॉक्टर ढोबळे. मी. आणि शेती खात्यातले ग्रामसेवक इंगळे.

या इंगळेंसाठी ही कमिटी म्हणजे गंमत नव्हती. नोकरी फिरतीची, रोज कोणाच्या तरी शेतात. गाजरगवत अंगाला लागलं की कोपरापर्यंत चट्टे उठायचे, पापण्या सुजायच्या. ढोबळे डॉक्टरांनी बजावलं होतं, "इंगळे भाऊ, या गवतापासून दूर राहा, नाही तर जन्मभर खाजवत बसाल." इंगळेंनी खात्याकडे टेबलावरची जागा मागितली. खात्याचं उत्तर आलं, "गवत धोकादायक आहे असं कमिटी म्हणाली, तर पाहू."

म्हणजे आमच्या एका शब्दावर इंगळेंची कातडी अडकली होती!

तर, पहिली बैठक. बडे साहेब म्हणाले, "पहले सैंपल देखेंगे." नमुना आणायला मोहगावला जीप पाठवायचं ठरलं. ड्रायव्हर उठला. तेवढ्यात चौरे सरांनी खिडकीच्या गजांतून हात बाहेर घातला, भिंतीला लागून उगवलेलं गवत मुळासकट उपटलं आणि टेबलावर ठेवलं. पांढरी फुलं, खाली माती, सगळं ताजं!

बडे साहेबांनी चष्मा लावून पाहिलं आणि मान हलवली.

"ये नहीं चलेगा, प्रोफेसर साहब. ये तो सरकारी जमीन का है. हमारा सर्वे किसानों के खेत का है."

जीप मोहगावला गेली.

*

मग आम्हीही मोहगावला गेलो. गावकऱ्यांनी आधी सत्कार ठेवला होता. सरपंचांनी प्रत्येकाच्या हातात एक गुच्छ दिला. मधोमध एकेक झेंडू, आणि भोवती भरगच्च, बारीक पांढरी फुलं.

मी चौरे सरांकडे पाहिलं. चौरे सरांनी आभाळाकडे पाहिलं.

बडे साहेब मात्र खूश. "वाह! कितने नाजुक फूल हैं! मैडम को बहुत पसंद आएँगे." गुच्छ त्यांनी जपून जीपमध्ये ठेवायला लावला.

इंगळे दोन्ही हात पाठीमागे बांधून मागे सरकले. सरपंच दुखावले. "काहून साहेब? आमचा सत्कार चालत नाही का तुमाले?" सगळं गाव पाहत होतं. इंगळे सज्जन माणूस. घेतला गुच्छ! भाषणं संपेपर्यंत त्यांचा एक डोळा पूर्ण मिटला होता आणि दुसरा मिटायच्या बेतात होता. डॉक्टर त्यांना विहिरीवर घेऊन गेले, तोंडावर पाणी मारत बसले.

शेवटी सरपंच आदबीनं म्हणाले, "आता ते धोक्याचं गवत दाखवा जी आमाले. आमच्या गावात तं आजवर नाही दिसलं बाप्पा!"

*

रामाकोन्याला एका संत्रेवाल्या शेतकऱ्याच्या घरी चहा झाला. पाहुणचार मोठा. ओसरीत सतरंजी, पितळी ट्रे, कप भरून चहा.

पहिला घोट घेतला आणि जीभ मागे सरली. कडू! साधा कडू नाही, कडुलिंबाचा पाला वाटून घातल्यासारखा. पण यजमानीणबाई दारात उभ्या. बोलणार कोण? चौरे सरांनी डोळे मिटून संपवला. मी दोन घोटांत उरकला. बडे साहेबांना वाटलं, इकडे चहा असाच करतात. ते म्हणाले, "बहुत बढ़िया," आणि बाईंनी त्यांचा कप पुन्हा भरला.

मग इंगळेंनी हळूच विचारलं, "वहिनी, गाय कुठं चरते?"

"वावराच्या धुऱ्यावर जी, बांधावर. तिथं ते पांढऱ्या फुलाचं गवत लय माजलं. बाकी काही उरलंच नाही, तं तेच खाऊन राह्यली. दूध असं कडू येऊन राह्यलं का बस!"

"मग त्या दुधाचं तुम्ही करता काय?"

बाई सरळ मनानं म्हणाल्या, "आमी घरचे तं पीतच नाही जी. पाव्हण्याहीलेच देतो."

*

मारबतीचा किस्सा याहून वरचा.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गावातली पीडा मारबतीसोबत, म्हणजे रोगराई नेणाऱ्या देवीसोबत, गावाबाहेर काढतात. पळसाच्या फांद्या घेऊन पोरं-बाप्ये शिवेपर्यंत ओरडत जातात, "रोगराई घेऊन जाय गे मारबत!" आणि फांद्या शिवेवर फेकून येतात.

त्या वर्षी इंगळेंनी पोळ्याआधी गावोगाव फिरून सांगितलं होतं, "गवत उपटा अन् गावाबाहेर फेका." फुलावर येण्याआधी उपटा, हेही सांगितलं होतं. पण लोकांच्या ध्यानात राहिलं ते गावाबाहेर फेकायचं. एका गावानं विचार केला, मारबत जाणारच आहे, तर हेही तिच्यासोबत जाऊ द्या! पहाटे अख्खं गाव फुललेल्या गवताचे भारे घेऊन निघालं. "गाजरगवत घेऊन जाय गे मारबत!" भारे शिवेपलीकडे फेकले, आंघोळी केल्या, पुरणपोळी खाल्ली.

उजाडल्यावर शेजारच्या गावाला दिसलं, की दुसऱ्यांची पीडा आपल्या हद्दीत पडली आहे. ते कसं चालेल? त्यांनी तेच भारे उचलले, त्यात आपले घातले, आणि ओरडत अलीकडे टाकले. दुपारपर्यंत ये-जा चालली. प्रत्येक फेरीत बी झडत होतं.

दिवाळीच्या सुमारास कमिटी तिथे पोचली. दोन्ही गावं खरोखर स्वच्छ. आणि मधल्या शिवेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, छातीएवढं गाजरगवत!

मी चिडून म्हणालो, "अरे, हे काय करून ठेवलं?"

एक म्हातारी पुढे आली. "मारबत तं घेऊन गेलती नं भाऊ! हे त्या गाववाल्याहीनं वापस आनलं."

*

पांढुर्ण्याला संत्र्याच्या पेट्या भरणं चालू होतं. पेटीत संत्र्याखाली तणस घालतात, म्हणजे धानाचा वाळला पेंढा. त्या दिवशी पाहतो तर तणशीऐवजी वाळलेलं गाजरगवत!

मी व्यापाऱ्याला जाब विचारला. तो हातातलं संत्रं सोलत शांतपणे म्हणाला, "पेपरवाले भाऊ, तुमीच लिहून राह्यले होते नं, का हे गवत इथून गेलं पायजे म्हनून? मंग रोज गाडीनं पाठवूनच तं राह्यलो!"

अर्धं संत्रं त्यानं मला दिलं. गोड होतं.

*

हिवाळ्यात अहवाल लिहायला बसलो. सगळं लिहून झालं, एक शब्द अडला. चौरे सर म्हणाले 'धोकादायक'. बडे साहेब म्हणाले, "इतना सख्त मत लिखिए. थोड़ा-बहुत नुकसान, ऐसा लिखिए."

मी उसळलो. "थोडं-बहुत म्हणजे काय साहेब? इंगळेंचा डावा हात थोडा आणि उजवा बहुत?"

"आप अखबार में चिल्लाइए, यहाँ नहीं!"

इंगळे खाली मान घालून बसले होते. हातांना मलम, वर पट्ट्या.

पण माझं लक्ष दुसरीकडे गेलं. बडे साहेब बोलता बोलता मान खाजवत होते. मग कानामागे. मग पाठ खुर्चीला घासायला लागले. डॉक्टरांनी चौकशी केली, तेव्हा कळलं. मोहगावचा गुच्छ सुकल्यावर मॅडमनी तो बंगल्यातल्या वाफ्यात टाकला होता. झाडं छान उगवली. साहेब रोज सकाळी स्वतः झारीनं पाणी घालायचे!

"कुछ दवा दीजिए, डॉक्टर साहब."

ढोबळे डॉक्टरांनी बॅग उघडली, ट्यूब काढली आणि आपल्या मांडीवर ठेवली. "औषध आहे ना! फक्त हे दुखणं कशानं होतं, ते एकदा कागदावर आलं असतं, तर बरं झालं असतं."

साहेबांनी मान खाजवली.

"लिखो, खतरनाक. नीचे लाइन भी खींचो!"

*

पुढच्या पावसाळ्यात इंगळेंना टेबलावरची जागा मिळाली, खात्याच्या संत्र्याच्या रोपवाटिकेत. राखलेली जागा. कलमांच्या रांगा, ओली काळी माती, आणि शोधून सापडेना असं गाजरगवत. त्याच आठवड्यात आमच्या अहवालावरून गवत उपटायची मोहीम निघाली. सकाळी सौसरच्या मैदानावर उद्घाटन, भाषणं, फोटो. फुलावर आलेल्या गवताचे ढीग लागले.

दुपारी चौरे सर, डॉक्टर आणि मी इंगळेंकडे गेलो. इंगळेंच्या बायकोनं घरून आलूबोंडे पाठवले होते. इंगळेंच्या हाताची कातडी चारचौघांसारखी झाली होती. मनगट पुढे करून म्हणाले, "पाहा भाऊ, लग्नातलं घड्याळ! पट्टा सहन होऊन राह्यला आता!" डॉक्टरांनी त्यांचा हात उलटसुलट करून पाहिला आणि दुसरा आलूबोंडा उचलला. असं सुख सरकारी आवारात क्वचित पाहायला मिळतं.

इतक्यात फाटकाशी हॉर्न वाजला. ट्रक. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"साहेब, खतासाठी माल आनला. कुठं खाली करू?"

ट्रक काठोकाठ भरला होता. सकाळच्या मोहिमेचं गवत, फुलांसकट, बियांसकट. वाऱ्यानं बी फाटकातून आत येत होतं.

"अरे, इथं काहून आणलं?" चौरे सर ओरडले.

"वरून सांगतलं जी."

"वरून म्हणजे कोणी?"

"वरून म्हंजे वरूनच जी!"

मागे दुसऱ्या ट्रकनं हॉर्न दिला. इंगळेंनी घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि फाटक लावायला धावले. आम्ही तिघंही धावलो. पण पहिल्या ट्रकचा फाळका उघडला होता.

त्या हंगामात रोपवाटिकेतली कलमं, मुळाशी तिथल्याच, बी पडलेल्या मातीचा गोळा ठेवून, सौसर आणि पांढुर्णा दोन्ही तहसिलींत गावोगाव वाटली गेली. मी तहसिलीत विचारलं, शेती खात्यात विचारलं, जिल्ह्याला जाऊन विचारलं. ते ट्रक तिकडे न्यायला कोणी सांगितलं होतं, हे मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.