चाचांच्या टेम्पोचा खटका

नव्वदीची सुरुवात होती. मी पनवेलच्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये डिझाइनची कामं करायचो, आणि माझ्या ड्रॉइंगमध्ये कुणी खोट काढली की माझं डोकं फिरायचं. तिथे एक चाचा आले. गल्फमध्ये जनरेटरवर बरीच वर्षं काढून परतलेले, आता टेम्पोतून लग्नांना जनरेटर भाड्याने देणारे. जनरेटर रुळांवरून मागे सरकवून बाहेर काढता येईल असा प्लॅटफॉर्म त्यांना हवा होता, आणि वाटेत तो जागेवर धरून ठेवणारा खटका.

खटका मी जीव ओतून केला. स्प्रिंगची पिन रुळातल्या भोकात बसली की खणखणीत आवाज यायचा. "खट् वाजलं की बसलं समजा," मी सांगितलं. "बिलकूल," चाचा म्हणाले.

पंधरा दिवसांनी आपटा गावाजवळच्या चढावर टेम्पो उभा असताना प्लॅटफॉर्म आपोआप मागे आला. चाचा मागेच होते, पाय थोडक्यात वाचला. "तुझा खटका बसतच नाय," ते शेडमध्ये येऊन म्हणाले. मी भडकलो. सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा लावून दाखवला, दर वेळी बसला. पण मग मलाच चैन पडेना. बसतो, तर सुटला कसा?

म्हणून पुढच्या लग्नाला मी त्यांच्याबरोबर सुकापूरला गेलो. भरदुपारी बँड कानठळ्या बसवत होता. म्हटलं, शाब्बास, या गोंगाटात खट् कुणाला ऐकू जाणार? शेडच्या शांततेत डिझाइन करणारा मीच गाढव. पण चाचांनी प्लॅटफॉर्म आत ढकलला तेव्हा बँड थांबलेला होता. पिन भोकाच्या दोन बोटं अलीकडे राहिली. आवाज झालाच नाही. चाचा हात झटकून खुशाल पुढे निघाले. मी मागून हाक मारली, दोनदा मारली. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

मी पिन नीट बसवली.

दुसऱ्या दिवशी पिनेवर लाल पट्टा रंगवला. लाल दिसतंय तोवर बसलेली नाही, एवढंच बघायचं. चाचांना खटका लावून दाखवला. ते जवळ येऊन म्हणाले, "बेटा, घरी बोलू नकोस. मुलगा टेम्पो विकून टाकील, मला घरात बसवील."

खरं तर त्यांच्या मुलाला गाठायचं मी ठरवूनच आलो होतो. "नाही सांगत," मी म्हणालो. चाचा माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. तेव्हा मला मान हलवून सांगावं लागलं.