जुनं खोकं

नागावला माझ्या लॉजच्या मागच्या खोलीत तो दर महिन्याला आठवडाभर राहतो. चहा बशीत ओततो, पण पितो कपातूनच. बोलण्याआधी "म्हणजे बघा" म्हणतो आणि थांबतो. लोकांच्या संगणकांवर प्रोग्रॅम आपोआप बसवणारं एक साधन तो सांभाळतो.

मध्यंतरी त्या साधनाला लागणारा कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम, एका कंपनीने वेगळाच बांधून दिला. आधी सगळं एका खोक्यात यायचं, आता पाच पुड्या पाच जागी. याचं साधन जुन्या जागी शोधायचं आणि अडायचं.

ऐकून मीच भडकलो. माझ्या पंपवाल्या कंपनीनेही असंच केलं होतं. नव्या पंपाला जुने पाइप बसेनात, ते विहिरीमागे पडून होते.

"भांडा की! मी असतो तर त्यांच्या दारात बसलो असतो."

"म्हणजे बघा काका... त्यांनी त्यांची सोय पाहिली. शोधायचं काम आपलं."

चार दिवसांत साधन नव्या पुड्या शोधायला शिकलं. जुनं खोकं शोधणारा भाग काढून टाक, असं त्याच्यासोबत काम करणारे फोनवर बजावत होते. त्याने तो ठेवला. एका कॉलेजातल्या बाई अजून जुनंच खोकं वापरतात, त्यांची प्रयोगशाळा बंद पडली असती.

"त्यांना कळवलंत?"

"कशाला? त्यांचं चालू राहील की."

हा माणूस मला अजून उमगलेला नाही. पंपवाल्यांना मी आजही शिव्या घालतो. पण ते जुने पाइप विकायला भंगारवाल्याशी चाललेली घासाघीस मी मध्येच सोडली. शेजारच्या आजोबांचा पंप अजून जुनाच आहे.