डोरीनबाईंच्या झाडांवरचा केवडा

वसुधाताई गाडेकर कोणाच्याही घरी गेल्या की आधी माणसांकडे नाही, कुंड्यांकडे बघतात. पान हातात घ्यायचं, उलटं करायचं, उजेडात धरायचं आणि मग विचारायचं, "बरे आहात ना सगळे?" नगर जिल्ह्यातल्या माती तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं घालवलेल्या बाईकडून दुसरी अपेक्षा तरी काय करायची! त्या निवृत्त झाल्या, पाठोपाठ मिस्टर गेले, आणि २००१ साली लेकीने, शिवांगीने, त्यांना ओरेगनमधल्या हिल्सबरोला आपल्या घरी कायमचं आणलं. जावई नकुल चिप बनवणाऱ्या कंपनीत, शिवांगी बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये. दिवसभर घरात वसुधाताई आणि मागचं अंगण.

अमेरिकेत मराठी माणसाची श्रीमंती गाडीवरून कळत नाही, कढीलिंबावरून कळते. हिल्सबरोत वसुधाताई आल्या आणि वर्षभरात गावातल्या यच्चयावत कढीलिंबांच्या त्या फॅमिली डॉक्टर झाल्या. फोन यायचे, "मावशी, पानं पिवळी पडतायत यार, मिरॅकलवालं खत टाकू का?" मावशी म्हणायच्या, "काही टाकू नकोस. पान घेऊन ये, आणि कुंडीतली मूठभर माती आण." त्यांचं एक वाक्य तर सगळ्यांना पाठ झालं होतं: माती तपासल्याशिवाय चिमूटभरसुद्धा काही टाकायचं नाही.

आता हेच वाक्य त्यांच्याच अंगाशी कसं आलं, ते सांगतो.

कुंपणापलीकडे डोरीनबाई राहायच्या. वय सहासष्ट, नवरा नाही, मुलगा दूर अलास्कात. अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवलेली, त्यामुळे आवाज असा की तीन घरं सोडून कुत्रं बसावं. पहिल्या उन्हाळ्यात वसुधाताईंनी कुंपणावरून मेथीची जुडी दिली, डोरीनबाईंनी टोमॅटो दिले, आणि मैत्री जमली. वसुधाताईंचं इंग्रजी प्रयोगशाळेतलं. आयर्न, झिंक, फॉस्फरस खणखणीत. मधली क्रियापदं देवाच्या भरवशावर. पण दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं, म्हणून इथे मी ते मराठीतच सांगतो.

२००४च्या वसंतात डोरीनबाईंना आतड्याचा कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली आणि अन्नाचा वास नको झाला. पाणी प्यायलं तरी उलटी. मे महिन्यात त्यांनी मागच्या बाजूला, कुंपण घातलेल्या कोपऱ्यात, तीन मोठ्या कुंड्या मांडल्या. जूनमध्ये वसुधाताईंनी सवयीने पान हातात घेतलं, उलटं केलं, आणि सोडूनच दिलं.

"डोरीन, हा गांजा आहे!"

"आहेच. आणि हे माझं कार्ड." डोरीनबाईंनी पाकिटातून कार्ड काढून दाखवलं. ओरेगनच्या कायद्याने डॉक्टरांनी लिहून दिलं तर आजारी माणसाला मोजकी झाडं लावता यायची. ते ओढलं की मळमळ थांबायची आणि चार घास पोटात राहायचे. दुसरी कुठलीच गोळी त्यांना लागू पडली नव्हती.

वसुधाताई चाट पडल्या. आपल्याकडे हे झाड पोलीस उपटून नेतात, आणि इथे सरकार त्याला ओळखपत्र देतं! शिवांगीला मात्र हे मुळीच पसंत नव्हतं. "आई, स्टेटला चालतं, पण फेडरल लॉमध्ये अजून इल्लीगल आहे. तुझं ग्रीन कार्ड आहे. तू त्या झाडांना हात लावू नकोस, प्लीज."

"बरं," असं वसुधाताई म्हणाल्या. त्यांचं बरं म्हणजे काय, हे शिवांगीला जन्मापासून माहीत होतं.

ऑगस्टच्या अखेरीस झाडं फुलोऱ्यात आली आणि त्याच वेळी डोरीनबाईंना हॉस्पिटलात भरती व्हावं लागलं. वजन फारच उतरलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अजून आठ पौंड गेले तर केमो थांबवावी लागेल, शरीराला ती झेपणार नाही. त्यांच्या एका जुन्या मैत्रिणीने दिलेला गांजाचा साठा ऑक्टोबरपर्यंत कसाबसा पुरणार होता. पुढचा हिवाळा या तीन झाडांवर होता. जाताना डोरीनबाईंनी किल्ली वसुधाताईंच्या हातात ठेवली. "फक्त पाणी घाल. बाकी काही नको."

फक्त पाणी! माहेरपणाला आलेल्या मुलीला आई फक्त पाणी देते का? फुलोऱ्यात झाडाला पालाश, म्हणजे पोटॅश, लागतो, हे वसुधाताईंनी हजारो शेतकऱ्यांना सांगितलेलं. आणि पालाश त्यांच्याजवळ भरपूर होता. हिवाळाभर शेकोटीत जळलेल्या लाकडांची राख त्या कधी फेकू द्यायच्या नाहीत. अर्धी समई घासायला, अर्धी झाडांना. डबे भरून गॅरेजमध्ये ठेवलेली. त्यांच्या वाफ्यातली मेथी आणि कोथिंबीर याच राखेवर माजली होती. मग काय, एक दिवसाआड प्रत्येक कुंडीत ओंजळभर राख, वरून पाणी. तिसरं झाड जरा किडकिडीत होतं, त्याची त्यांना दया यायची, म्हणून त्याला दोन ओंजळी.

सतरा दिवसांनी डोरीनबाई घरी आल्या. काठी टेकत मागे गेल्या, आणि त्यांची ती बसवाली हाक आली, "वसू!"

वसुधाताई धावल्या. गेले चार दिवस त्यांनाही शंका येत होती, पण ऊन जास्त असेल म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली होती. आता बघितलं तर शेंड्याची कोवळी पानं आणि फुलांभोवतीची नवी पालवी पिवळीधमक, लिंबासारखी. फुलं होती तेवढीच, आखडलेली.

"खताच्या दुकानातल्या पोराला फोन केला मी," डोरीनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. "तो म्हणतो नायट्रोजन कमी पडलाय, भरपूर दे."

"त्याला म्हणावं, तूच पी." वसुधाताईंनी पदर खोचला. साडी त्या सणालाच नेसायच्या, रोजचा पंजाबी ड्रेसच. पण ओढणीसुद्धा त्यांना खोचता यायची. "हे बघ. खालची जुनी पानं हिरवी आहेत ना? नत्र कमी पडलं असतं तर आधी ती पिवळी झाली असती. मॅग्नेशियमचंही तसंच. झाड म्हाताऱ्या पानांच्या तोंडचं काढून कोवळ्यांना भरवतं. पण लोह एकदा ज्या पानाला मिळालं, त्याचंच राहतं. लोह कमी पडलं की उपाशी मरतात ती कोवळी पानं. आणि शिरा बघ, शिरा हिरव्या आणि मधलं सगळं पिवळं. आमच्याकडे उसावर असं झालं की शेतकरी म्हणतात, केवडा पडला. आणि आता फुलोऱ्यात नत्र घातलंस तर नुसती पानं मिळतील, फुलं नाहीत."

"म्हणजे लोखंड द्यायचं?"

"द्यायचं. आमच्याकडे हिराकस फवारतात, लोहाचाच क्षार."

"फवारायचं नाही. मी ती फुलं ओढणार आहे."

हे मात्र एकतीस वर्षांत कुठल्याच ऊसवाल्याने सांगितलं नव्हतं. वसुधाताईंनी मान्य केलं, की मग मुळातून द्यावं लागेल. निदान अचूक झालं होतं, डोरीनबाईंच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता, आणि वसुधाताई मनातून भलत्याच खूश होत्या. त्या खुशीतच त्यांनी तिसऱ्या कुंडीखालची ताटली उचलून तिच्यातलं पाणी ओतलं.

बोटं बुळबुळीत झाली.

त्यांनी अंगठा बोटांवर चोळून पाहिला. साबणाचं पाणी असावं तसं लागत होतं. डोरीनबाईंना "आले" एवढंच सांगून वसुधाताई ताटलीतलं उरलेलं पाणी घेऊन घरी आल्या, बशीत चिमूटभर हळद घातली आणि वर ते पाणी ओतलं. हळद लालभडक झाली. प्रयोगशाळेत महागडं यंत्र होतं, पण कुंकू हळदीपासून कसं होतं हे आपल्या बायकांना यंत्राआधी माहीत आहे. पाणी चुन्याच्या निवळीसारखं अल्कधर्मी झालं होतं. अशा मातीत लोह असतं, पण झाडाच्या तोंडी लागत नाही. ताट वाढलेलं आणि हात बांधलेले.

आणि हात बांधले होते वसुधाताईंनीच. ओरेगनची जमीन आंबट, राख तो आंबटपणा मारते, म्हणून वाफ्यात राख अमृत. कुंडीतली माती दुकानातून मोजूनमापून तयार करून आणलेली. तिच्यावर सतरा दिवसांत ओंजळीच्या ओंजळी! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माती न तपासता चिमूटभरही नको म्हणणाऱ्या बाईने डबा रिकामा केला होता. त्या स्वयंपाकघराच्या फरशीवर बसल्या आणि रडल्या. लाज वाटत होती, आणि भीती त्याहून जास्त.

शिवांगी ऑफिसातून आली तेव्हा बशी तशीच होती. तिने सगळं ऐकलं. "आई, तिला सांगू नकोस. आयर्न कमी होतं, हे खरंच आहे ना? तेवढंच सांग. ती इतकी आजारी आहे, उगाच अपसेट होईल."

"आणि मी राख घातली ते?"

"तू चांगल्यासाठीच केलंस ना?"

"चांगल्यासाठी करणाऱ्यांनीच अर्ध्या जमिनी नासवल्या आहेत," वसुधाताई म्हणाल्या, आणि चपला घालून निघाल्या.

डोरीनबाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. वसुधाताईंनी बशी त्यांच्यासमोर ठेवली आणि क्रियापदांची पर्वा न करता सगळं सांगून टाकलं. राख मी घातली. तू फक्त पाणी म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही.

डोरीनबाईंनी बशी बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "माझ्याकडे दुसरं काही नाही, वसू. हे तुला माहीत होतं." त्या आवाजात ओरडणं नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. "तू आत्ता घरी जा."

वसुधाताई घरी आल्या. रात्री जेवल्या नाहीत. नकुलने दोनदा ताट पुढे केलं, दोनदा परत नेलं.

सकाळी सातला कुंपणावर काठी वाजली. "माझा राग गेलेला नाही," डोरीनबाई म्हणाल्या. "पण बस ठोकली की आमचा नियम होता. आधी मुलं मोजायची, भांडण नंतर. चल, मोज."

मग वसुधाताईंनी मोजलं. शिवांगीला तोंडावर सांगितलं, की मी त्या झाडांना हात लावणार आहे, कायद्याचं काय ते तू आणि नकुल बघा. शिवांगीने कपाळाला हात लावला, आणि गुपचूप बागेच्या दुकानात जाऊन मातीचा आम्लपणा मोजायचं किट आणि कुंडीत ओतायचं लोह आणून दिलं. हे लोह असं असतं, की माती थोडी बिघडलेली असली तरी मुळांना घेता येतं. वसुधाताईंनी चमच्याने प्रत्येक कुंडीतला वरचा राखेचा थर खरवडला, मुळांना धक्का न लावता. नव्या मातीचा पातळ थर दिला. मग बादल्याच्या बादल्या पाणी, अगदी किंचित व्हिनेगर घातलेलं, खालून निघेपर्यंत. निघालेलं पाणी किटने तपासायचं, पुन्हा ओतायचं. दोन दिवस मुळांना श्वास घेऊ दिला, आणि मग लोह. बाटलीवर लिहिलं होतं तेवढंच. वसुधाताईंनी तो मजकूर तीनदा वाचला आणि चौथ्यांदा शिवांगीकडून वाचून घेतला.

पुढे फक्त वाट बघणं. पिवळं झालेलं पान पुन्हा फारसं हिरवं होत नाही. बघायचं ते नव्या पालवीकडे. सप्टेंबर संपत आला होता, ऑक्टोबरचा पाऊस एकदा लागला की फुलांना बुरशी धरते. डोरीनबाईंचं वजन तीन पौंडांनी आणखी उतरलं. रोज सकाळी दोघी कुंड्यांपुढे उभ्या राहायच्या. अकराव्या दिवशी पहिल्या झाडाच्या शेंड्याला नखाएवढं पान आलं, हिरवं. वसुधाताईंनी ते उलटं करून उजेडात धरलं, आणि डोरीनबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

दोन झाडं सावरली. फुलं भरली, उशिरा का होईना. पाऊस आला तेव्हा नकुलने, फेडरल लॉला मनातल्या मनात नमस्कार करून, कुंड्या छपराखाली ओढून दिल्या. तिसरं किडकिडीत झाड, ज्याला दयेपोटी दुप्पट राख मिळाली होती, ते मात्र गेलं. वसुधाताईंनी ते स्वतःच्या हाताने उपटलं. त्याचं वाईट त्यांना अजून वाटतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी डोरीनबाई आल्या. केमो थांबवायची गरज नाही, असं डॉक्टरांनी त्याच सकाळी सांगितलं होतं; वजन दोन पौंड वाढलं होतं. वसुधाताईंनी पिठलं केलं होतं आणि ज्वारीची एकच भाकरी थापली होती, कारण गेल्या सहा महिन्यांत डोरीनबाईंनी चतकोराच्या पुढे कधी काही खाल्लं नव्हतं, आणि उरलेलं अन्न ताटात बघून त्या ओशाळायच्या. डोरीनबाईंनी तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, खाल्ला. दुसरा मोडला. वसुधाताई मुद्दाम पाठ करून ओट्याशी उभ्या राहिल्या. नजर लागू नये म्हणून म्हणा, किंवा बघवत नव्हतं म्हणून म्हणा.

बऱ्याच वेळाने मागून ताटली सरकवल्याचा आवाज आला.

"वसू, अजून आहे का?"

वसुधाताईंनी मागे वळून पाहिलं नाही. डोळे पुसायलाही हात रिकामा नव्हता. त्या परातीत भराभर पीठ घेत होत्या.