मापाचा ब्लाउज

फाट्यावरची टेलरीण चहा कधी बसून प्यायली नाही. देवगाव फाट्यावर तिचं पत्र्याचं दुकान होतं. एक पाय दुकानात, एक रस्त्यावर आणि हातात बशी. गिऱ्हाईक बोलत असलं तरी तिची नजर येणाऱ्या एस.टी.च्या पाटीवर. कुठं जायचंय का, असं विचारलं की म्हणायची, "न्हाई. पन बसलं की मानूस मुळं धरतंय." अशा बाईला मशीनवर बसायचा धंदा कसा सुचला, देव जाणे.

मी वालूरची, माझी शाळा फाट्याच्या पलीकडे. रोज तिथे जीप बदलावी लागे आणि दुसरी जीप भरेपर्यंत मी तिच्या दुकानात. लोकांसमोर ती मला 'मॅडम' म्हणायची, कुणी नसलं की 'नंदे'. माझ्या डब्यातली भाजी ती उभ्यानं खायची, मी तिच्या मशीनवर वह्या तपासायची. तीन वर्षं अशी गेली.

तिचा एक कडक नियम होता. शिवायला येणाऱ्या प्रत्येक बाईनं अंगाला नीट बसणारा जुना ब्लाउज मापासाठी आणायचा आणि नव्यासोबत तो परत न्यायचा. "टेप लावायला येळ कुनाला हाय?" माझ्यासाठी मात्र दर वेळी टेप. मी एकदा म्हटलं, "अगं, मागच्या महिन्यातच तर माप घेतलंस." "घेऊ दे की," ती म्हणाली. टेप खांद्यावरून फिरली की माझा श्वास अडकायचा आणि ती हसायची. "श्वास सोड, नंदे. धरून ठेवलेलं माप खोटं असतंय." तेवढ्या वेळापुरती ती निवांत उभी राहायची. माझं तिच्यावर प्रेम होतं. हे आज सरळ लिहिते. तेव्हा मनातल्या मनात म्हणायचीसुद्धा छाती नव्हती.

ती धीट. मला परभणीचं स्थळ आलं, त्याच आठवड्यात तिनं मशीन मध्येच थांबवलं. "पुन्यात खोली बघितलीय. दोघींपुरती हाय. तुला बी तिथं शाळा मिळंल. नुसती मैत्रीण म्हनून बोलवत न्हाई मी, समजायलंय ना?" मला समजलं होतं. मी म्हणाले, "बघू." आमच्याकडे बघू म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं. पण तिनं ते मनावर घेतलं नाही. "बघ," म्हणाली, "लगनाचा ब्लाउज शिवायला येशील तव्हा सांग. मी टेप घेऊन थांबते."

पंधरा दिवस मी दुकानाकडे न बघता जीप बदलली. घरात याद्या, बस्ता, पाहुणे. शेवटी आईच्या हातात शालूचा ब्लाउजपीस दिला आणि त्यावर माझा जुना ब्लाउज घडी करून ठेवला. स्वतः गेले नाही. तेच माझं उत्तर होतं, आणि ते भेकडाचं होतं.

हळदीच्या आदल्या दिवशी आई नवा ब्लाउज घेऊन आली ती कुरकुरतच. "काय बाई तरी! मापाचा ब्लाउज दिलाच न्हाई तिनं. मागितला तर म्हनली, राहू द्या मावशी माझ्यापाशी." मी नवा घालून पाहिला. कुठं एक सुरकुती नाही. दार लावून रडले आणि दुसऱ्या दिवशी हळदीला बसले. पाचपरतावणाला माहेरी आले तर दुकानाला कुलूप. पुण्यात कुठं गेली, ते फाट्यावर कुणालाच सांगता येईना.

नवरा भला आहे, तक्रारीला जागा नाही. परभणीत दोन-तीन टेलरणी बदलून झाल्या. सगळ्या मापाचा ब्लाउज मागतात. मी म्हणते, टेपच लावा. टेप खांद्यावरून फिरते आणि बाई थांबतात. "मॅडम, श्वास सोडा की." मी सोडायला बघते. अजून सुटत नाही.