मी झाकणावर बसलो

साहेबांनी माझी वही दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि न उघडताच माझ्यापुढे केली.

"अरे, आठ दिवस कशाला घालवलेस? हे बघ, अर्ध्या मिनिटात."

त्यांनी मोबाईल माइकजवळ नेला. गाणं वाजलं. ढोलकी होती, पेटी होती, गोड गळ्याचा गायक होता. 'स्वच्छतेचे शूर शिपाई, कामाची आम्हां लाज नाही.' हे म्हणे आम्ही म्हणत होतो. गायक कुठला, तर कुठलाच नाही. मशीनने केलेला.

सफाई कामगारांच्या सत्काराचा कार्यक्रम होता. ठेकेदाराच्या या साहेबांनीच मुकादमाकरवी मला गाणं लिहायला सांगितलं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. हॉलभर टाळ्या पडल्या. आमच्याच माणसांनी वाजवल्या. मीही वाजवल्या, त्याची लाज आजही वाटते.

"आता डोक्याला ताण देऊ नकोस," साहेब हसत म्हणाले. "तू तुझं काम कर."

माझं काम म्हणजे तुंबलेल्या गटाराच्या चेंबरमध्ये उतरणं. सोलापुरात, आधी बाप, बापानंतर मी.

गाणं आमच्या घरात हौसेनं आलं नाही. चेंबरमधून आलं. खाली अंधार, गॅस, छातीपर्यंत मैला. वरच्याला खालचा दिसत नाही. म्हणून बापानं नियम केला. वरच्यानं दोर धरून एक ओळ म्हणायची, खालच्यानं पुढची जोडायची.

"सांग रं गड्या, खाली काय?"

"अंधार लई, पर मी हाय!"

उत्तर आलं नाही की दोर ओढायचा. रोज तीच ओळ म्हटली तर खालचा गुंगीतही सवयीनं उत्तर देतो. म्हणून रोज नवी ओळ लागायची. आधी बाप करायचा, मग मी करायला लागलो. वहीत त्याच ओळी होत्या.

बापाचं उत्तर थांबलं तेव्हा दोर माझ्या हातात होता. मुकादम म्हणाला, "थांब की, दम खात असंल." मी थांबलो. एकोणीस वर्षांचा होतो, मुकादमाचं ऐकायची सवय होती. बाप वर आला तो मेलेला.

सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी शुक्रवार पेठेतला एक चेंबर तुंबला. मैला ओढणारी गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबली. गल्ली अरुंद, पाइप पुरेना. साहेब नाकाला रुमाल लावून उभे. माझ्याबरोबर चुलतभाऊ मिलिंद, माझा कामातला जोडीदार.

"चला, आटपा," साहेब म्हणाले.

मला कालचा मोबाईल आठवला. मी विचारलं, "साहेब, अर्ध्या मिनटात गाणं करनारं मशीन हाय तुमच्याकडं. मग ह्या गल्लीत शिरनारं बारकं मशीन का न्हाय?"

"कशाला? माणसं आहेत की."

रागानं म्हणाले असते तर सोसलं असतं. ते सहज म्हणाले. मशीन गॅसनं गुदमरत नाही. त्याला पोरंबाळं नाहीत. त्यानं खाली जावं. पण त्याला दिलं काय, तर गाणं. त्याला गाणं कशाला हवंय? तू जिवंत आहेस का, असं त्याला वरून कोण विचारणार आहे? आणि माझ्याकडे ठेवलं काय, तर चेंबर.

मी जाऊन झाकणावर बसलो. मांडी घालून.

"मी उतरनार न्हाय. कुनाला उतरू बी देनार न्हाय. कायद्यानं बंदी हाय."

"मी कुठे उतर म्हणालो?" साहेब म्हणाले. "गटार साफ पाहिजे, एवढंच. तुमचं तुम्ही बघा."

गल्लीतली माणसं ओरडायला लागली. घाण पाणी त्यांच्या उंबऱ्याला लागलं होतं, त्यांचंही खोटं नव्हतं. वीसेक मिनिटं मी बसून होतो. मग मिलिंदनं शर्ट काढला.

"दादा, ऊठ. मला दोन पोरी हायत."

"म्हनूनच बसलोय रं."

"ऊठ म्हंतोय न्हवं."

त्यानेच माझ्या काखेत हात घालून मला बाजूला ओढलं. साहेबांना बोटही लावावं लागलं नाही. मिलिंद उतरला. मी काय करणार? दोर धरला. ओळ म्हटली. खालून उत्तर येत राहिलं. तो जिवंत वर आला आणि माझ्याकडे न बघता नळावर गेला.

दुसऱ्या दिवसापासून मला कामावर घेतलं नाही. माझ्या जागी होटगीचा एक माणूस आला, त्याला ओळी जमत नाहीत. बारकं मशीन येणार, असं दर बैठकीत सांगतात. माझ्या हयातीत ते त्या गल्लीत शिरेल असं मला वाटत नाही. मोबाईलमधलं ते गाणं मात्र रोज सकाळी कचरागाडीवर वाजतं.

माफी माग, परत घेतो, असा मुकादमाचा निरोप आला. मागितली नाही. आता कुठला चेंबर उघडणार असला की मिलिंदची बायको मला गुपचूप फोन करते. मी जातो आणि झाकणावर बसतो. मिलिंदच मला उचलून बाजूला ठेवतो. तो उतरला की होटगीवाल्याच्या हातातला दोर मी घेतो आणि नवी ओळ म्हणतो. एक जरी उत्तर चुकलं तरी मी ओढणार. कुणी थांब म्हटलं तरी थांबणार नाही. आणि पुढचं झाकण उघडायला ते येतील, तेव्हा त्यावर मी बसलेला असेन.